घरच्या गिनीपिगचे वजन का घटते?

आपल्या मंडळातील घरांत पाळीव प्राणी म्हटले की पूर्वी माझ्या पाहण्यात एखादा पोपट किंवा काचेच्या टाकीतले मासे असत. अलीकडे त्यांत गिनीपिगची भर पडली आहे. तो फ्लॅटमध्ये मावतो, भुंकत नाही, सहसा चावत नाही, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि मुले शाळेतून आली की शीळ घालून त्यांचे स्वागत करतो. एखादे कुटुंब फायनल एक्झिटवर निघाले की त्यांचा पिंजरा, पाण्याची बाटली आणि प्राणी शेजाऱ्यांकडे येतो. मग काही महिन्यांनी मला फोन येतो, "वहिनी, हा हाताला हलका लागतोय. खातो तर आहे. काय झालं असेल?"

माझे शिक्षण परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले. येथे सौदीत मी व्यवसाय करीत नाही, त्यामुळे फोनवर औषध सांगत नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वेळा औषधाच्या बाटलीत नसते. ते खाण्याच्या डब्यात, गवताच्या पेंढीत किंवा खोलीच्या तापमानात सापडते. घरातल्या घरात ते कसे शोधावे आणि डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी, एवढेच या लेखात सांगणार आहे.

किती वजन असावे?

प्रथम या प्राण्याची ओळख. गिनीपिग हा गिनी देशातला नव्हे आणि डुक्कर तर नव्हेच. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा कुरतडणारा प्राणी आहे. फ्रेंच भाषेत त्याच्या नावाचा अर्थ चक्क 'भारतातले डुक्कर' असा होतो! अरबीतही त्याला 'खिन्झीर गिनिया' म्हणतात. त्यामुळे शेजाऱ्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून तो उंदीर-खारींच्या गणातला आहे हे मुलांना नीट सांगून ठेवावे.

त्याचे वजन सर्वसाधारणपणे असे असते :

जन्मतः : ६० ते १०० ग्रॅम
पूर्ण वाढलेली मादी : ७०० ते ९०० ग्रॅम
पूर्ण वाढलेला नर : ९०० ते १२०० ग्रॅम

पिल्लू जन्मतःच केस, दात आणि उघडे डोळे घेऊन येते व पहिले काही महिने भराभर वाढते. पूर्ण वाढ व्हायला सुमारे एक वर्ष किंवा थोडे अधिक लागते. म्हणून तीन महिन्यांचे पिल्लू पाचशे ग्रॅमचे असले तर काळजी नको. मात्र वाढत्या वयात त्याचे वजन दोन आठवडे जागच्या जागी थांबले, तर ते घटल्यासारखेच समजावे.

प्रत्येक प्राण्याचा बांधा वेगळा असतो. साडेसातशे ग्रॅमची एखादी मादी अगदी ठणठणीत असेल, आणि साडेनऊशे ग्रॅमचा एखादा नर आजारी असेल, कारण गेल्या महिन्यात तो अकराशेचा होता. यासाठी आकड्यापेक्षा आकड्याची वाटचाल पाहावी लागते, आणि ती पाहायची तर वजन लिहून ठेवलेले हवे.

शुक्रवारचा काटा

गिनीपिग हा रानात दुसऱ्याचे भक्ष्य होणारा प्राणी. आजारी दिसला की शिकारी त्यालाच आधी उचलणार. त्यामुळे दुखणे लपवण्याची त्याला उपजत सवय आहे. तो गवतापाशी बसतो, तोंड हलवतो, आपल्याला वाटते जेवतो आहे. शिवाय अंगावर दाट केस, त्यामुळे आतली हाडे वर आली तरी डोळ्यांना कळत नाही. मला माहीत असलेल्या एका घरी पाच वर्षांच्या नराचे वजन कधीच केलेले नव्हते. 'थोडा मंद झालाय' म्हणून जेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा तो अवघा साडेपाचशे ग्रॅम भरला. दाढांचा त्रास बहुधा कित्येक आठवड्यांचा असावा. तो वाचला नाही.

उपाय अगदी साधा आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर खोलगट भांडे किंवा पुठ्ठ्याचे खोके ठेवून काटा शून्यावर आणा आणि प्राण्याला आत बसवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सकाळच्या खाण्याआधी वजन करावे. सुटीचा शुक्रवार सोयीचा. वहीत तारीख, वजन, त्या आठवड्यात बदललेले खाणे आणि लेंड्यांचे प्रमाण लिहावे. हे काम मुलांकडे द्यावे. दहा वर्षांचे मूल ते उत्तम करते.

वीस-तीस ग्रॅमचा चढउतार नेहमीचा असतो. पोट भरलेले की रिकामे, लघवी झाली की नाही, यावर तो अवलंबून राहतो. पन्नास ग्रॅमच्या वर घट दिसली तर रोज वजन करायला लागा आणि कारण शोधा. मूळ वजनाच्या दहा टक्के घट झाली, म्हणजे नऊशेचा प्राणी आठशे दहावर आला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

काट्याबरोबर हाताचाही उपयोग करावा. पाठीच्या कण्यावरून हलकेच बोटे फिरवा. निरोगी प्राण्यात कणा जाणवतो, पण त्यावर मांसाची गादी लागते. कणा मण्यांच्या माळेसारखा टोचू लागला, कमरेची हाडे वर आली, तर प्राणी खंगला आहे असे समजावे.

तीन प्रश्न

वजन घटणे हा स्वतंत्र आजार नाही, ती खूण आहे. कारण शोधताना मी तीन प्रश्न क्रमाने विचारते. अन्न त्याच्या तोंडापर्यंत पोचते का? पोचले तर त्याला चावता येते का? चावले तर ते अंगी लागते का?

पहिला प्रश्न : तोंडापर्यंत पोचते का?

हा प्रश्न विचारला की कित्येकदा तिथेच उत्तर मिळते. आधी पाण्याची बाटली पाहा. नळीच्या टोकाची गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते, पण थेंबही येत नाही. तहानलेला गिनीपिग सुके गवत खाणे थांबवतो. रोज बोटाने ती गोळी हलवून पाणी येते का ते पाहावे.

दोन प्राणी असतील तर त्यांचे नाते पाहा. गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून तो एकटा पाळण्यास कायद्याने मनाई आहे. पण जोडीतला एक दांडगा असला तर तो दुसऱ्याला खाण्यापाशी येऊ देत नाही. एकाचे वजन वाढते आहे आणि दुसऱ्याचे घटते आहे असे वहीत दिसले, की हेच कारण आधी धरावे. खाण्याच्या दोन वाट्या, दोन बाटल्या आणि लपायच्या दोन जागा केल्या की बहुधा काम भागते.

त्यानंतर उष्मा. गिनीपिगला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अठ्ठावीसच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. रियाधमध्ये उन्हाळ्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो. जेद्दा, दम्मामसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत वर दमटपणाची भर पडते. सर्व जण कामाला व शाळेला गेल्यावर वीज वाचवण्यासाठी एसी बंद करण्याची आपली सवय चांगली आहे, पण या प्राण्याच्या खोलीपुरती ती बाजूला ठेवावी लागते. उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगतचा किंवा झाकलेल्या बाल्कनीतला पिंजरा दुपारी भट्टी होतो. उकाड्यात प्राणी आधी खाणे कमी करतो, मग आडवा पडून धापा टाकतो. पिंजऱ्याजवळ एक साधा तापमापक टांगून ठेवावा. एसीचा गार झोत मात्र थेट अंगावर येऊ देऊ नये.

दुसरा प्रश्न : चावता येते का?

गिनीपिगला एकूण वीस दात असतात आणि ते सगळे, पुढचे पटाशीचे आणि मागच्या दाढाही, जन्मभर वाढत राहतात. रानात दिवसभर रेताड, चिवट गवत दळून ते झिजतात. घरी मात्र नुसते पेलेट आणि काकडीच्या फोडी मिळाल्या तर दाढांना दळायला काही उरत नाही. खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमानीसारख्या वाढतात आणि जीभ त्यांच्याखाली अडकते. प्राण्याला भूक असते. तो वाटीपाशी धावत येतो, तुकडा उचलतो आणि टाकून देतो.

याच्या खुणा ओळखता येतात. तो आधी गवत सोडतो, मग गाजर, आणि मऊ पाने तेवढी खातो. हनुवटी व गळ्याखालचे केस लाळेने ओले राहतात. घास तोंडातून पडतो. पुढचे दात सरळ दिसले म्हणून दाढा चांगल्या असतील असे नाही. त्या पाहण्यासाठी डॉक्टरांना विशेष उपकरण, काही वेळा भूल आणि एक्स-रेसुद्धा लागतो. घरच्या नेलकटरने पटाशीचे दात कापण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. दात उभा चिरतो आणि मुळाशी गळू होते.

दात बिघडू नयेत यासाठी वाळलेले गवत चोवीस तास समोर हवे. दिवसाच्या आहारात सुमारे ८० टक्के गवतच असावे, आणि रोज त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग संपला पाहिजे. कोणते गवत, याविषयी येथे थोडे सविस्तर सांगायला हवे.

बरसीम म्हणजे कोणते गवत?

सौदीत जनावरांच्या बाजारात 'बरसीम' मागितले की जो हिरवा चारा मिळतो तो अल्फाल्फा, म्हणजे आपल्याकडचे लसूणघास. भारतात बरसीम या नावाने ओळखले जाणारे पीक वेगळे आहे, तेव्हा नावावर जाऊ नये. हे लसूणघास येथे पूर्वापार पिकते. मात्र त्याला पाणी अतोनात लागते. त्यामुळे २०१५ साली सौदी सरकारने हिरव्या चाऱ्याची लागवड टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याचा निर्णय केला. अलमराई या दुग्धव्यवसायातील मोठ्या कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात चाऱ्यासाठी जमीन घेतली ती याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर. सांगायचे कारण असे की उंट, मेंढ्या आणि गाईंसाठी या चाऱ्याला या देशात इतके महत्त्व आहे की दुकानदार गिनीपिगलाही बिनदिक्कत तोच देतो.

लसूणघासात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. कॅल्शियम टिमोथी गवताच्या सुमारे तिप्पट. वाढत्या पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला ते चालते. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याला रोज दिले तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. खडे झाले की लघवीच्या वेळी दुखते, प्राणी कुबड काढून बसतो, चीं-चीं करतो, खाणे सोडतो आणि वजन उतरते. मोठ्या प्राण्याला टिमोथीसारखे साधे गवत द्यावे. वजन भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी काही दिवस लसूणघास मिसळायला सांगितले तर जरूर मिसळावे, पण त्याची मुदत विचारून घ्यावी. जेद्दा, दम्माम, जुबैल येथील दमट हवेत गवताला बुरशी लवकर धरते. कुबट वास आला तर ते टाकून द्या. चांगल्या गवताला वाळलेल्या रानाचा सुवास येतो.

तिसरा प्रश्न : अंगी लागते का?

प्राणी खातो, चावतो, तरी घटतो, असे दिसले की मी पहिली शंका क जीवनसत्त्वाची घेते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

गाय, कुत्रा, मांजर, ससा, उंदीर हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडे आणि गिनीपिग यांना ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे शेवटचे विकर त्यांच्या शरीरात नसते. ही गोष्ट विज्ञानाला समजली तीच मुळी गिनीपिगमुळे. १९०७ साली नॉर्वेमध्ये अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोन संशोधक खलाशांच्या आजारांचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना नुसते धान्य आणि पाव खाऊ घातले. ते प्राणी खंगले, त्यांच्या हिरड्या बिघडल्या, सांधे दुखू लागले. तो खलाशांचाच स्कर्व्ही रोग होता. ताजा कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तो टळत असे. पुढे १९३० च्या सुमारास आल्बर्ट झेंट-ग्यॉर्जी यांनी वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व, हे गिनीपिगवरील प्रयोगांनीच ठरले. त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नॉर्वेतले ते प्राणी नुसत्या धान्यावर खंगले, हे पोळीचा तुकडा, भात आणि बिस्किटे प्रेमाने भरवणाऱ्या आपल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. क जीवनसत्त्व तुटले की दोन ते तीन आठवड्यांत खुणा दिसू लागतात : वजन उतरते, केस राठ होतात, प्राणी उडी मारत नाही, उचलले की दुखून ओरडतो, मागचे पाय ओढतो, हिरड्यांतून रक्त येते. हिरड्या आणि सांधे दुखतात म्हणून तो कमी खातो. कमी खातो म्हणून आणखी तुटवडा पडतो.

दुकानातल्या पेलेटवर 'क जीवनसत्त्वयुक्त' असे लिहिलेले असते ते खरे, पण ते टिकाऊ नसते. बनवल्यापासून तीन महिन्यांत त्याचा मोठा भाग नाश पावतो, आणि उष्णता, ओलावा व उजेड यांत त्याहूनही लवकर. परदेशात तयार झालेली पिशवी जहाजाने येथे येते, गोदामात पडते, मग आपल्या घरी. पिशवीवर 'इंताज' म्हणजे बनवल्याची तारीख आणि 'इंतिहा' म्हणजे संपण्याची तारीख असते. आपण नेहमी दुसरी पाहतो. येथे पहिली पाहायची.

आणखी एक घोटाळा सशाच्या पेलेटचा. ससा जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलेच नसते. दिसायला दोन्ही पेलेट सारखे. जुबैलमधील एका परिचित कुटुंबातील मादीचे वजन दोन महिन्यांत ९२० वरून ७६० ग्रॅमवर आले. ताई-दादा दोघे मिळून वजन लिहीत होते म्हणून ते कळले. चौकशी केली तेव्हा सशाच्या खाद्याची मोठी गोणी स्वस्तात आणून एसी नसलेल्या स्टोअररूममध्ये ठेवली होती असे समजले. सुटीला भारतात जायला तीन आठवडे उरले होते आणि मुलगी तिला सोडून यायला तयार नव्हती. डॉक्टरांनी दाढा तपासल्या, त्या ठीक निघाल्या. क जीवनसत्त्व सुरू केले, खाद्य बदलले. निघायच्या आदल्या दिवशी ती ८३० ग्रॅम भरली आणि शेजारच्या घरी वहीसकट राहायला गेली.

रोज किती हवे? वजनाच्या दर किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या प्राण्याला साधारण ९ ते २७ मिलिग्रॅम. हिरव्या ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम असते. म्हणजे रोज २५ ग्रॅमची एक फोड दिली की २० मिलिग्रॅम मिळाले. त्याला थोडी कोथिंबीर आणि गडद पानांच्या लेट्यूसची जोड द्यावी. पेरू आणि संत्रे यांत क जीवनसत्त्व पुष्कळ, पण साखरही असते. आठवड्यातून एक-दोनदा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. काकडी आणि फिक्या पानांचे लेट्यूस म्हणजे बहुतांशी पाणी. पिण्याच्या पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालू नयेत. ते पाण्यात लवकर नाश पावते आणि चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही नकोत, त्यांतील अ आणि ड जीवनसत्त्वे जास्त झाली तर अपाय होतो.

इतर कारणे

क जीवनसत्त्वाची बाजू नीट असूनही वजन घटत असेल तर पुढील कारणे डॉक्टर तपासतील.

१. खरजेचे किडे : अतिसूक्ष्म किडे कातडीत बिळे करतात. प्राणी इतका खाजवतो की खाणे-झोपणे विसरतो, केस जातात, आजार वाढला तर झटकेही येतात. उपचार चांगला आहे, पण मात्रा वजनावर ठरते. कुत्र्या-मांजराचे औषध आपल्या मनाने लावू नये.

२. श्वसनाचा संसर्ग : नाक-डोळे वाहणे, श्वासाला घरघर. हा झपाट्याने वाढतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

३. अंडाशयातील गाठी : दीड-दोन वर्षांपुढील माद्यांत पुष्कळ आढळतात. दोन्ही कुशींवरचे केस विरळ होणे ही एक खूण. पोट फुगते, पाठ मात्र हाडकते.

४. थायरॉइड : वय झालेला प्राणी खा-खा करतो, चपळ असतो आणि तरी वाळतो.

५. बाळंतपण : दुकानातून आणलेली मादी गाभण असणे नवे नाही. गर्भारपण सुमारे ५९ ते ७२ दिवसांचे. पिल्ले झाल्यावर वजन एकदम उतरते आणि दूध पाजताना तिला जास्त खाणे लागते.

६. वय : गिनीपिगचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे. उतारवयात मांस थोडे झडतेच, पण ते सावकाश. एका महिन्यात शंभर ग्रॅम गेले तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये.

काय टाळावे?

आपल्या घरांत औषधांचा डबा भरलेला असतो. त्यातले उरलेले अॅमॉक्सिसिलीन गिनीपिगला देणे म्हणजे विष देण्यासारखे आहे. पेनिसिलीन जातीची प्रतिजैविके तोंडावाटे दिली की त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. इतर प्राण्यांना सवयीने औषध देणाऱ्या डॉक्टरांनाही हे नम्रपणे विचारून घ्यावे.

वजन वाढवण्यासाठी दूध, तूप, शेंगदाणे, फरसाण, चॉकलेट देऊ नये. कांदा, लसूण, बटाटा आणि अॅव्होकॅडो वर्ज्य. कोबी-फ्लॉवरने पोट फुगू शकते. खाणे बदलायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे.

आणि थांबू नये. गिनीपिगचे पोट सतत चालू राहावे लागते. बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या किंवा अगदी बारीक झाल्या, तर ती आणीबाणी आहे. उपाशी राहिल्याने आतडी थंडावतात, यकृतावर चरबी चढते आणि मग खायला दिले तरी तो खात नाही. 'उद्या बघू' हे या प्राण्याच्या बाबतीत चालत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

या देशात पशुवैद्यकाचा मोठा व्यवसाय उंट, मेंढ्या, घोडे आणि ससाणे यांचा. शहरांतून कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत, पण गिनीपिगच्या दाढा तपासण्याचा सराव प्रत्येकाला असतोच असे नाही. तेव्हा प्राणी निरोगी असतानाच दोन-तीन दवाखान्यांत फोन करून 'गिनीपिग पाहता का? दाढा तपासता का? एक्स-रे आहे का?' असे विचारून नाव-पत्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अल अहसा भागातील लोकांना तेथील किंग फैसल विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल.

नेताना वजनाची वही, खाद्याच्या पिशवीचा फोटो आणि ताज्या लेंड्या बरोबर घ्या. त्याला उपाशी नेऊ नये. गिनीपिगला ओकारी होत नाही, त्यामुळे भुलेआधी माणसासारखा उपास लागत नाही. गाडी आधी गार करून मगच त्याला बसवा, आणि उभ्या गाडीत पाच मिनिटेही ठेवू नका. वाटेत गवत आणि ढोबळी मिरचीची फोड समोर असू द्या.

हिशेबाची बाजू

मोठी गोणी घेतली की किलोमागे स्वस्त पडते हा आपल्या संसाराचा नियम. तो गवताला लागू पडतो, पेलेटला नाही. एका प्राण्याला रोज जास्तीत जास्त वीस ग्रॅम पेलेट पुरतात, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. पाच किलोची गोणी आठ महिने चालेल आणि तिच्यातले क जीवनसत्त्व बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच संपेल. लहान पिशवी घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात, एसीच्या खोलीत ठेवावी. रोजची पाव ढोबळी मिरची हा तर आपल्या भाजीतलाच भाग.

दवाखान्याचा एक फेरा प्राण्याच्या किमतीहून महाग पडतो, हेही खरे. 'एवढ्यात दुसरा येईल' असे वडीलधारे म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब चुकत नाही. पण मूल तो हिशेब ऐकत असते आणि त्यातून काही शिकत असते. दर महिन्याला ठरावीक रक्कम एका डब्यात टाकावी, मुलांच्या खाऊच्या पैशांतलीही थोडी. प्रसंग आला की निर्णय पैशांसाठी अडत नाही.

शेवटी सुटीची गोष्ट. आपण भारतात जातो ते नेमके कडक उन्हाळ्यात. प्राणी ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना निघायच्या दिवशीचे वजन, खाण्याचे प्रमाण, एसीचे तापमान आणि डॉक्टरांचा नंबर लिहून द्या. दर शुक्रवारी वजनाचा आकडा फोनवर कळवण्याची विनंती करा. खर्चाची परवानगीही आधीच देऊन ठेवा, म्हणजे संकोचापोटी ते थांबणार नाहीत.

थोडक्यात लक्षात ठेवायचे

१. दर शुक्रवारी वजन. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर.
२. गवत चोवीस तास. मोठ्या प्राण्याला बरसीम रोज नको.
३. रोज ढोबळी मिरचीची फोड. पेलेट गिनीपिगचे, ताजे आणि थोडे.
४. खोली १८ ते २४ अंश. बाटलीची गोळी रोज तपासावी.
५. घरातली प्रतिजैविके कधीही नाहीत.
६. बारा तास खाल्ले नाही तर त्याच दिवशी दवाखाना.

ज्यांच्या घरी गिनीपिग आहे त्यांनी येत्या शुक्रवारी पहिला आकडा वहीत लिहावा. शंका असल्यास मंडळाच्या कार्यकारिणीमार्फत मला जरूर कळवावे. कळवताना निदान तीन आठवड्यांची वजने सोबत द्यावीत.